बाळंतपणाची रजा आणि कॅलिफोर्नियाचे पैसे: एक पे-स्टब, नऊ दिवस आणि पासष्ट फोन

गणपती गेले, घरात अजून मोदकांचं सारण उरलंय, आणि आपण परत माइकसमोर आलोय. हा भाग ऐकायला ज्यांना वेळ नाही, बाळ मांडीवर आहे, इअरफोन सापडत नाहीये, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना केलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' काढलेत. बाकी जसंच्या तसं.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली, फ्रीमाँटहून. तिच्या परवानगीने थोडक्यात सांगते. "ताई, मला चौतिसावा आठवडा चालू आहे. ड्यू डेट २० ऑक्टोबर, ऐन दिवाळीत. आमच्या कंपनीत पेड मॅटर्निटी लीव्ह नाही. एचआर म्हणाली, स्टेटकडे अप्लाय कर. मी साइट उघडली तर तिथे डिसॅबिलिटी लिहिलंय. मी काही आजारी नाहीये हो. नवरा एच-फोरवर आहे, त्याचं ईएडी अजून यायचंय, म्हणजे घरात पगार एकच. आणि सासरे सारखं सांगतायत, सरकारी पैसे घेऊ नका, ग्रीन कार्डला नडेल."

तिचं बोलणं ऐकताना मला माझाच सात वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला. म्हणून हा पूर्ण भाग तिच्यासाठी.

आधी सासऱ्यांचं बघू, कारण ती भीती मनात असली की माणूस पुढचं काही ऐकतच नाही. तुमचा पे-स्टब उघडा. फोनवर पगाराचं अ‍ॅप असेलच. कापलेल्या पैशांमध्ये 'सीए एसडीआय' किंवा तत्सम काहीतरी दिसेल. म्हणजे कॅलिफोर्नियाचा स्टेट डिसॅबिलिटी इन्शुरन्स. २०२५ साली पगाराचा १.२ टक्का त्यात जात होता आणि २०२४ पासून त्याला पगाराची वरची मर्यादाही राहिलेली नाही. हा हप्ता कंपनी भरत नाही, तुम्ही भरता. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची रजा मिळते, पण तिचा पगार बहुतेक ठिकाणी कंपनीच्या खिशातून जातो. इथे उलटं आहे. तुमच्या आणि तुमच्यासारख्या लाखो लोकांच्या पगारातून साठलेल्या विम्यातून पैसे येतात. त्याला मदत म्हणत नाहीत, क्लेम म्हणतात. गाडीला पोचा आला की आपण इन्शुरन्सवाल्याला लाजत फोन करतो का?

पब्लिक चार्जच्या २०२२ च्या नियमात मोजली जाते ती गरिबांसाठीची रोख सरकारी मदत, पगारातून हप्ता भरून मिळवलेला विमा नव्हे. आणि क्लेम मंजूर करताना नागरिकत्व किंवा व्हिसा हा निकषच नाही. एच-वन-बीवर असताना तुम्ही स्वतः मागून बाळंतपणाची रजा घेतली, नोकरी चालू राहिली, तर त्या काळात पगार न मिळाल्याने व्हिसा बिघडत नाही. तुमची ग्रीन कार्डची फाइल ज्या वकिलाकडे आहे त्याला एक ईमेल टाकून ठेवा, म्हणजे सासऱ्यांनाही दाखवता येईल. पण घाबरून हक्काचे पैसे सोडू नका.

आता तो 'डिसॅबिलिटी' शब्द. मलाही तो टोचला होता. पण त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. ही योजना १९४६ सालची. कामावर नसताना आजारपण किंवा दुखापत आली तर पगाराचा काही भाग द्यायचा, अशी. पण कित्येक वर्षं साध्या, सुरळीत बाळंतपणाला त्यातून मुद्दाम वगळलेलं होतं. बायकांच्या पगारातूनही तितकेच पैसे कापायचे, पण बाळंतपणाला काही नाही! काही बायका कोर्टात गेल्या. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचलं, गेडुल्डिग विरुद्ध आयेलो, १९७४. आणि कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की वगळणं घटनाबाह्य नाही. बायका हरल्या. नंतर कायदेच बदलले आणि बाळंतपण त्या यादीत आलं. त्यामुळे फॉर्मवर जेव्हा 'डिसॅबिलिटी' दिसेल तेव्हा त्याचा अर्थ एवढाच घ्या: या काही आठवड्यांत डॉक्टरांच्या मते तुम्ही तुमचं नेहमीचं काम करू शकत नाही. बस.

तर पैसे दोन कप्प्यांतून येतात. पहिला कप्पा शरीराचा, दुसरा बाळाचा. पहिला म्हणजे हा डिसॅबिलिटी इन्शुरन्स: सुरळीत गरोदरपणात ड्यू डेटच्या आधी चार आठवड्यांपर्यंत, नंतर नॉर्मल डिलिव्हरी असेल तर सहा आठवडे, सी-सेक्शन असेल तर आठ. गुंतागुंत असेल, बीपी वाढलं, बेड रेस्ट सांगितली, तर डॉक्टर लिहून देतील तसं वाढतं. दुसरा कप्पा म्हणजे पेड फॅमिली लीव्ह, पीएफएल. बाळासोबत राहण्यासाठी आठ आठवडे, बाळ एक वर्षाचं होईपर्यंत केव्हाही. हा कायदा २००२ साली झाला, पैसे २००४ च्या जुलैपासून मिळायला लागले, आणि राज्य पातळीवर असं करणारं कॅलिफोर्निया देशातलं पहिलं. आधी सहा आठवडे होते, २०२० पासून आठ झाले.

रक्कम किती? २०२५ पासून पगाराच्या ७० ते ९० टक्के. पगार कमी असेल तर टक्केवारी जास्त. आठवड्याला कमाल १,६८१ डॉलर, हा २०२५ चा आकडा. दर जानेवारीत तो बदलतो, म्हणून पुढच्या वर्षी ऐकत असाल तर एकदा तपासून घ्या.

पण पगार म्हणजे कुठला पगार? इथेच लोक फसतात, आणि इथेच आपल्या फ्रीमाँटच्या मैत्रिणीचे जवळजवळ सतरा हजार डॉलर जाणार होते. नीट ऐका. वाचताय? मग नीट वाचा.

आत्ताचा पगार बघत नाहीत. बघतात 'बेस पिरियड', म्हणजे क्लेमच्या आधीचा ठरावीक बारा महिन्यांचा तुकडा, आणि तो अगदी अलीकडचा नसतो. क्लेम जुलै ते सप्टेंबरमध्ये सुरू झाला तर ३१ मार्चला संपणारे बारा महिने धरतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये सुरू झाला तर ३० जूनला संपणारे. जानेवारी ते मार्च असेल तर आदल्या ३० सप्टेंबरला, आणि एप्रिल ते जून असेल तर ३१ डिसेंबरला संपणारे. त्या बारा महिन्यांत एसडीआय कापलेली कमाई किमान ३०० डॉलर हवी, हा पात्रतेचा उंबरठा. तो अगदी बुटका आहे. आणि त्या चार तिमाह्यांपैकी ज्या तिमाहीत सगळ्यात जास्त कमाई, तिच्यावरून आठवड्याची रक्कम ठरते.

आता आपली मैत्रीण. त्याच कंपनीत तीन वर्षं, पण आधी ऑस्टिनच्या ऑफिसात. टेक्ससमध्ये असली योजना नाही, एसडीआय कापला जात नाही, म्हणून तिथला पगार या हिशेबात शून्य. कॅलिफोर्नियात ती आली या वर्षी मार्चच्या मध्यात. पगार महिन्याला साधारण ८,६६७ डॉलर.

तिचा प्लॅन होता की ड्यू डेटच्या बरोबर चार आठवडे आधी, २२ सप्टेंबरला थांबायचं. म्हणजे क्लेम सप्टेंबरमध्ये. बेस पिरियड ३१ मार्चला संपणार. त्यात कॅलिफोर्नियाचा तिचा पगार किती? मार्चअखेरचा एकच अर्धा पगार, ४,३३३ डॉलर. त्याच्या ९० टक्क्यांना १३ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला जेमतेम ३०० डॉलर.

तीच बाई नऊ दिवस उशिरा, १ ऑक्टोबरला थांबली तर? बेस पिरियड ३० जूनला संपतो. एप्रिल ते जून ही पूर्ण तिमाही त्यात आली, २६,००० डॉलर. आठवड्याला २,००० चा पगार, त्याचे ७० टक्के, १,४०० डॉलर.

मी तिला फोनवर हा हिशेब सांगितला तेव्हा ती पलीकडे गप्पच झाली. सगळं मिळून बघू. पहिले सात दिवस डिसॅबिलिटीचे पैसे मिळत नाहीत, तो वेटिंग पिरियड. २२ सप्टेंबर धरलं, बाळ तारखेला आणि नॉर्मल आलं, तर पैसे मिळणारे १७ आठवडे, एकूण ५,१०० डॉलर. १ ऑक्टोबर धरलं तर दिवस नऊ कमी, ११०, पण एकूण २२,०००. एकाच पगाराच्या घरात हा फरक म्हणजे बे एरियातलं कित्येक महिन्यांचं भाडं.

आता यात चलाखी काही नाही, ईडीडी म्हणजे ज्या खात्याकडे हे सगळं आहे तेच सांगतं की क्लेमची तारीख विचार करून निवडा, त्यावरून रक्कम बदलू शकते. पण माझं ऐकून कुणी पाय सुजलेले, डोकं गरगरतंय तरी रेटून काम करू नका. डॉक्टर थांब म्हणाले की थांबायचं, मग ३०० तर ३००. ती घरून काम करते, डॉक्टरांची हरकत नव्हती, म्हणून हा सल्ला. आणि उलटाही प्रकार असतो. कुणाची जुनी तिमाही बोनसमुळे भरभक्कम असेल, तर लवकर थांबणंच फायद्याचं.

बरं, अर्ज. हा फोनवरून होतो. ईडीडीच्या साइटवर मायईडीडी खातं, त्यात एसडीआय ऑनलाइन. खातं आजच उघडून ठेवा, ओळख पटवून ठेवा. कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या रात्री पासवर्ड आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि आपल्या लोकांसाठी खास: नाव! सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर काढलेल्या लायसन्सवर नवऱ्याचं, दवाखान्यात आडनाव माहेरचं. आपल्याला ते सवयीचं आहे, कॉम्प्युटरला या तीन वेगळ्या बायका वाटतात. तिन्हीकडे नाव एक करून घ्या, क्लेमच्या आधी.

अर्ज आधी करून ठेवता येत नाही, हेही लक्षात घ्या. मी केला होता. रजेच्या तिसऱ्याच दिवशी, रिकामा वेळ होता म्हणून, मोठ्या उत्साहात. नियम असा की कामाचा थांबलेला पहिला दिवस धरून नऊ दिवस जाऊ द्यायचे, आणि ४९ दिवसांच्या आत करायचा. आपल्या मैत्रिणीसाठी म्हणजे १० ऑक्टोबरपासून पुढे, आणि १८ नोव्हेंबरच्या आत. मधे दिवाळी आणि बाळ दोन्ही आहे, म्हणून मी तिला १० तारखेलाच कर म्हटलंय.

तुमचा भाग भरून झाला की एक पावती क्रमांक मिळतो. हा क्रमांक डॉक्टरांना द्यायचा, ते त्यांचा भाग ऑनलाइन भरतात. सुरळीत गरोदरपण असेल तर नर्स-मिडवाइफही भरू शकते. हा भाग पोचला नाही तर तुमचा क्लेम अर्धवटच राहतो. माझं इथेच अडलं. मी क्रमांक दवाखान्याच्या काउंटरवर दिला, तिने पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतला, "डन" म्हणाली. तीन आठवडे काही नाही. सी-सेक्शनचे टाके, रडणारं पोर, आणि मी होल्डवर ते संगीत ऐकतेय. नवऱ्याने मोजले होते, पासष्ट फोन केले मी, दवाखान्याला आणि इकडे-तिकडे मिळून. शेवटी चिठ्ठी एका फाइलीला चिकटलेली सापडली, दुसऱ्याच कुणाच्या. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, ती बाई बिचारी नवीन होती. तुम्ही मात्र क्रमांक त्यांच्या पोर्टलवर मेसेज करून पाठवा, म्हणजे लेखी राहतं, आणि चार दिवसांनी विचारा. सगळं पूर्ण पोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत निर्णय येतो.

अर्ज भरताना शेवटचा कामाचा दिवस आणि कंपनीकडून मिळणारे पैसे खरे लिहा. ईडीडी कंपनीलाही विचारतं, दोघांची उत्तरं जुळली नाहीत की फाइल थांबते. कंपनी वरून काही पगार देत असेल तर चालतं, पण दोन्ही मिळून नेहमीच्या पगाराच्या वर जाता कामा नये.

एक फाटा इथेच सांगते. काही मोठ्या कंपन्या स्टेटऐवजी स्वतःची योजना चालवतात, व्हॉलंटरी प्लॅन. मग पे-स्टबवर एसडीआयच्या जागी व्हीपीडीआय असं काहीसं दिसतं. तसं असेल तर अर्ज ईडीडीकडे नाही, कंपनीने नेमलेल्या विमा कंपनीकडे. एकीने सहा आठवडे चुकीच्या दारात घालवले होते.

मग दुसरा कप्पा, बाळाचे आठ आठवडे. आईने नवीन अर्ज करायचा नाही. परत सांगते, करायचा नाही. डिसॅबिलिटीचे शेवटचे पैसे आले की तुमच्या खात्यात आपोआप एक छोटा फॉर्म येतो, डीई २५०१एफपी. तो भरायचा, पुन्हा वेटिंग पिरियड नाही, रक्कम आधीचीच. माझ्या नणंदेने घाईघाईत नवा अर्ज ठोकला, दोन फाइली झाल्या आणि दोन्ही अडकल्या. मला फोन आला, "वहिनी, तू सांगितलं नाहीस!" सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं.

बाबांनी मात्र नवाच अर्ज करायचा, डीई २५०१एफ, रजा सुरू झाल्यावर ४१ दिवसांच्या आत, आणि बाळाच्या जन्माचा पुरावा जोडायचा. एका दमात आठ आठवडे घ्यावेच लागतात असं नाही, तुकड्यांत घेता येतात. माझं मत विचाराल तर आजी परत गेल्यावर घ्यावेत. व्हिसा संपवून आई पुण्याला परतते, घर एकदम शांत होतं, तेव्हा बाबांची खरी गरज लागते. २०२५ पासून कंपनी तुम्हाला आधी साठलेली सुट्टी वापरायची सक्तीही करू शकत नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याला हे मिळणार नाही, त्याचा इथे पगारच झालेला नाही.

आणि आपल्यातल्या ज्या मावशी घरोघरी बाळं सांभाळायला जातात आणि रोख पैसे घेतात, त्यांचा एसडीआय कुणी भरत नाही. खरं तर एका तिमाहीत ७५० डॉलर किंवा जास्त रोख पगार दिला की घरमालकालाही ती नोंदणी करावी लागते. मग मावशींचं ऑपरेशन झालं की त्यांनाही काही मिळू शकतं. आपल्याकडे मावशी येत असतील तर याचा विचार करा.

आता पैसे वेगळे आणि नोकरी वेगळी, हे शेवटचं महत्त्वाचं. ईडीडी पैसे देतं, तुमची खुर्ची राखत नाही. खुर्ची राखणारे कायदे दुसरे. पाच किंवा जास्त कर्मचारी असतील तर कॅलिफोर्नियात गरोदरपणाच्या काळासाठी चार महिन्यांपर्यंतची रजा मिळते, तिला किती दिवस नोकरी झाली याची अट नाही. त्यानंतर बाळासाठी आणखी १२ आठवडे, पण त्याला त्या कंपनीत बारा महिने आणि १,२५० तास काम झालेलं हवं. ऑस्टिनची वर्षं एसडीआयला चालली नाहीत, पण इथे चालतात, कारण कंपनी तीच. म्हणून एचआरला दोन वेगळ्या गोष्टी विचारा, ईमेलवर: माझी रजा कुठल्या कायद्याखाली मंजूर केलीत, आणि हेल्थ इन्शुरन्स कुठल्या तारखेपर्यंत चालू आहे? "सगळं ऑटोमॅटिक आहे" हे उत्तर स्वीकारू नका. मला तेच मिळालं होतं.

टॅक्सचं एका वाक्यात: डिसॅबिलिटीच्या पैशांवर साधारणपणे टॅक्स नाही, पीएफएलवर फेडरल टॅक्स आहे, कॅलिफोर्नियाचा नाही. जानेवारीत १०९९-जी येईल, तो फेकू नका.

आणि क्लेम नाकारला तर? पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येतं, वेगळ्या न्यायाधीशासमोर. बऱ्याचदा नाकारण्याचं कारण एखादा राहिलेला कागद असतो, म्हणून आधी पत्र पूर्ण वाचा.

एडिसनवाले आणि जर्सी सिटीवाले रुसू नका. न्यू जर्सीत अशीच जोडी आहे, तिथे बाळासाठी १२ आठवडे मिळतात, आकडे आणि खिडक्या वेगळ्या. त्याच्यावर पुढचा भाग करतोय, तुमचे पे-स्टब घेऊन बसा.

हे रेकॉर्ड करायच्या आधी तिचा मेसेज आला. डॉक्टरांशी बोलली, ३० सप्टेंबर शेवटचा दिवस ठरला. आई २८ तारखेला येतायत, सोबत डिंकाचे लाडू. आणि सासऱ्यांनी विचारलंय, त्यांच्या मुलाला ते आठ आठवडे का नाहीत.